पाठमोरी मार्लीन

प्रेक्षक हा बेसबॉलच्या संघातला दहावा खेळाडू असतो. त्याच्या आरोळीवर संघ जगतो, त्याच्या रागाने संघ सुधारतो, आणि तो नसेल तर मैदान म्हणजे नुसतं नीट कापलेलं गवत. आमच्या रेडिओवर बडी ग्रँथम हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणत आला आणि कोणी कधी हरकत घेतली नाही. महामारीच्या वर्षी ह्या दहाव्या खेळाडूला घरी बसवण्यात आलं, आणि उरलेल्या नऊ जणांनी घरच्या मैदानावर ओळीने आठ सामने जिंकले.

"निव्वळ योगायोग आहे," लेनी फोनवर म्हणाला.

"लेनी, तू अजून कार्यक्रमात नाहीस. मी बोलतोय," मी म्हटलं. सामना संपल्यावर बडी गावकऱ्यांची मतं ऐकून घेतो; ते फोन आधी माझ्याकडे येतात. दारू प्यायलेले, उमेदवार आणि देवाचे निरोप आणणारे मी बाहेरच्या बाहेर परत पाठवतो. "आज विषय काय तुझा?"

"दोन आहेत. एक, पिचर. पाचव्या इनिंगला कशाला काढला त्याला? छान फेकत होता पोरगा. संघाच्या मॅनेजरच्या घरी काय दूध उतू जात होतं?"

"आणि दुसरा?"

मागे सुपरमार्केटच्या शीतखोलीचा पंखा घरघरत होता. सुट्टीच्या वेळात तो तिथूनच फोन करायचा.

"दुसरा तुला ठाऊक आहे. तिला फिरवा म्हणावं."

लेनर्ड ड्वोर्स्की हा आमच्या गावच्या पश्चिम भागातल्या एका सुपरमार्केटात मांसाच्या काउंटरवर उभा असतो. तीसएक वर्षं तो तिथे कीलबासा, म्हणजे पोलिश सॉसेज, तोलतोय. मार्चमध्ये त्याला 'अत्यावश्यक सेवक' म्हणून जाहीर केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी आवश्यक म्हटलं होतं, आणि म्हणून लगेच त्याच्यापुढे पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा लावण्यात आला. आमच्या संघाचं नाव मॅलार्ड्स, पण त्या नावाने त्यांना फक्त वर्तमानपत्रं हाक मारतात. गाव त्यांना बदकं म्हणतं. लेनी बदकांचा प्रत्येक घरचा सामना वरच्या मजल्यावरच्या अकरा नंबरच्या खुर्चीतून पाहत आला होता. बारा नंबरच्या खुर्चीत मार्लीन बसायची. मार्लीन त्याची बायको होती, आणि अकरा वर्षांपूर्वी ती त्याची बायको नसल्याचं न्यायालयाने जाहीर केल्यावरही ती बारा नंबरच्या खुर्चीतच बसायची.

ह्यात गूढ काही नाही. घटस्फोटात घर तिला गेलं, गाडी त्याला गेली, वर्षभराच्या तिकिटांवर मात्र दोघंही अडून बसले. न्यायाधीश गावचेच होते. त्यांनी चष्मा पुसला आणि प्रत्येकी एक खुर्ची असा निकाल दिला. तेव्हापासून हे दोघं वर्षाला एक्याऐंशी सामने खांद्याला खांदा लावून बसत आले आणि बेसबॉलखेरीज एक अवाक्षर बोलले नाहीत. मैदानाबाहेर तर तेवढंही नाही. एका वर्षी लेनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते तिला कुबड्या पाहून कळलं.

"आपल्या शॉर्टस्टॉपच्या फिल्डरपेक्षा लवकर पोचलास की वर," ती म्हणाली.

"त्याचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत, हीच त्याची अडचण आहे," लेनी म्हणाला. झालं. ह्या विषयावर त्यांनी एवढंच बोलून घेतलं.

घटस्फोटाचं कारण साऱ्या पश्चिम भागाला माहीत आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही. संघ जिंकत असताना काही बदलायचं नाही, हा आमच्याकडचा धर्म आहे. जेवढे दिवस जिंकतोय तेवढे दिवस तोच शर्ट, तोच रस्ता, तोच सँडविच. दाढी वाढली तर वाढू द्यायची. घटस्फोटाआधीच्या जुलैत बदकं जिंकत होती आणि मार्लीनची आई वारली. लेनी दफनाला काळ्या सुटात आला, मोजे काळे होते, चेहराही योग्य तेवढा काळा होता. सुटाच्या आत बदकांचा शर्ट होता, दोन आठवडे न धुतलेला. लेनी मांस विकतो, हे मी वर सांगितलंच आहे. चर्चमध्ये पहिल्या दोन रांगांतली माणसं एकेक करून मागे सरकली. दुसऱ्या दिवशी बदकं हरली आणि तिसऱ्या दिवशी मार्लीन बहिणीकडे राहायला गेली.

तर महामारीच्या वर्षी मैदान बंद झालं. हंगाम कापून साठ सामन्यांचा केला, जुलैअखेर सुरू केला, आणि रिकाम्या स्टेडियममध्ये ध्वनिक्षेपकावरून आधी ध्वनिमुद्रित केलेला गोंगाट सोडायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी लेनीचा फोन आला.

"नुसत्या टाळ्या भरल्यात ह्यांनी. शिव्या कुठायत? म्हणजे अर्धाच प्रेक्षक आणलाय."

दुसऱ्या दिवशी पूर्व भागातून एका बाईंचा फोन आला. मार्लीनने बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि ड्रायव्हरच्या जागेवरून मागच्या बाकावरच्या पोराला च्युइंगगम थुंकायला लावणारा तो आवाज निवृत्तीनंतरही तिच्यापाशीच राहिला होता. मी नाव विचारलं.

"बारा नंबर," ती म्हणाली. "बडीला जोडा. काल अकरा नंबर जे बोलला ते चूक आहे. शिव्या असत्या तर ह्या नव्या पोरांच्या हातून चेंडू सुटले असते. त्यांना कुठे सवय आहे? आम्ही ज्यांना शिव्या दिल्या ती माणसं वेगळी होती."

मग तो पायंडाच पडला. एके दिवशी तो, दुसऱ्या दिवशी ती. जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करायचा नवा नियम आला; लेनी म्हणाला, रांगेत न थांबता मटण मागण्यातलाच हा प्रकार. मार्लीन म्हणाली, अकरा नंबरला सांगा, त्याच्या गुडघ्याने धावून दुसरा बेस गाठायला नाताळ उजाडेल, त्याने फुकटच्याला नावं ठेवू नयेत. पिचर लवकर काढतात, हे लेनीचं सर्वांत आवडतं मत. ते तो रोज मांडायचा आणि ती रोज खोडायची. "पाच इनिंगनंतर त्या पोराचा दंड दोरीसारखा लोंबतो. डोळे आहेत का अकरा नंबरला?" बडी मधे फक्त घसा साफ करायचा. दोघांकडे एकमेकांचे फोन नंबर होते. तीन मैलांवर राहत होते. पण मैदानाबाहेर बोलायचं नाही म्हणजे नाही, आणि माझ्या मते रेडिओ हा मैदानाचाच भाग आहे, असं त्यांनी आपापल्या मनाशी ठरवलं असावं.

ऑगस्टमध्ये कटआउट आले. वर्षभराच्या तिकीटवाल्यांनी आपला कमरेपासून वरचा, समोर बघणारा, एकट्याचा फोटो पाठवायचा, म्हणजे संघ तो मोठा छापून खुर्चीत बसवणार. लेनीने पाठवला. तो शोकसभेत ठेवतात तसा होता. मार्लीनने पाठवला त्यात ती समोर बघत नव्हती आणि एकटीही नव्हती. कुठल्याशा सामन्यात शेंगा विकणाऱ्याने काढलेला तो फोटो: ती डावीकडे वळलेली, हात तोंडाशी, तोंड उघडं, म्हणजे शेजारच्या लेनीच्या कानात मॅनेजरविषयीचं मत ओतणारी. लेनीला तिने कात्रीने काढून टाकलं होतं, फक्त त्याचं कोपर राहून गेलं होतं. दुसरा फोटो नव्हता का, असं मी एकदा विचारलं. "ह्यात टोपी नीट बसलीय," ती म्हणाली.

टीव्हीवर भरलेलं दिसावं म्हणून सगळे कटआउट खाली, फलंदाजाच्या मागच्या महागड्या खुर्च्यांत लावले. त्यामुळे लेनी आणि मार्लीन आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्च्यांत बसले आणि ते पाहायला दोघंही तिथे नव्हते. लावणाऱ्याने त्यांना शेजारीशेजारीच लावलं, फक्त उलटसुलट. मार्लीन लेनीच्या उजवीकडे हवी, ती डावीकडे गेली. तिच्या डावीकडे कोणाचा तरी लॅब्रेडॉर कुत्रा होता. आता दर चेंडूला सगळ्या राज्याला दिसायचं ते असं: लेनी गंभीर चेहऱ्याने समोर बघतोय, मार्लीन त्याच्याकडे पाठ करून कुत्र्याच्या कानात ओरडतेय, आणि कुत्र्याला एक कोपर आहे.

त्या दिवसापासून बदकं घरचे सामने जिंकायला लागली.

"आठ सामने ती माझ्याकडे पाठ करून बसलीय," आठवा सामना जिंकला त्या दिवशी लेनी बडीला म्हणाला. "आमच्या काउंटरवर लोक विचारतात, 'काय लेनी, बाईंनी कुत्रा पाळला वाटतं?' तिला फिरवा. एवढं एकच मागणं आहे माझं."

बडी मनाने चांगला आहे. त्याने संघाच्या कचेरीत बोलून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात जाहीर केलं, की कचेरी तयार आहे, आतल्या माणसांपैकी कोणीतरी जाऊन कटआउटांची अदलाबदल करील, लेनीने फक्त हो म्हणावं.

माझ्या फोनच्या पाटीवरचे सगळे दिवे एकदम लागले. एक दंतवैद्य म्हणाला, हात लावाल तर खबरदार. एक आजी म्हणाल्या, आठ सामने झाले, मी कूस बदलून झोपलेले नाही, माझ्या कष्टांवर पाणी पाडू नका. पश्चिम भागातल्या एका चर्चचे फादरही फोनवर आले. "चर्चची ह्यावर काही भूमिका नाही," ते म्हणाले, "पण कशाला?"

मग लेनी आला. मागे शीतखोलीचा पंखा घरघरत होता.

"लेनी?" बडी म्हणाला. "हो का नाही?"

"जिंकतोय रे आपण," लेनी म्हणाला.

"जिंकतोय."

"मग असू दे. हात लावू नका."

गावभर गाड्यांचे हॉर्न वाजले म्हणतात. मी ऐकले नाहीत, कारण माझ्या कानात मार्लीन होती.

"बारा नंबर. जोडायला नको मला. फक्त निरोप द्या."

"काय देऊ?"

"सांगा, मी ह्याच कारणाने गेले."

"कसलं कारण?"

"त्याला कळेल," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

निरोप मी दिला. लेनीने "बरं" म्हटलं. नंतरचा आठवडा मार्लीनचा फोन आला नाही. बदकं आणखी जिंकली. लेनीचा फोन रोज यायचा, पण त्यात मत नसायचं. जिंकतोय तर जिंकतोय, असं काहीतरी बोलायचा. बडीने मुद्दाम पिचरचा विषय काढला, तर म्हणाला, काढला असेल मॅनेजरने विचार करून. बडीने माझ्याकडे काचेतून पाहिलं. लेनीने मॅनेजरची बाजू घेतल्याची आमच्या केंद्राच्या इतिहासात नोंद नव्हती.

"दुसऱ्या लायनीवर कोणी आहे का?" फोन ठेवायच्या आधी तो रोज मला विचारायचा.

"आहेत बरेच."

"तसं नाही."

"ती नाहीये, लेनी."

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

घरचे शेवटचे तीन सामने उरले असताना शुक्रवारी त्याचा फोन आला, आणि त्याने मला विषयच सांगितला नाही. थेट बडीकडे जोडायला सांगितलं.

"फिरवा तिला," तो म्हणाला.

बडीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "लेनी, दमाने घे. बारा झालेत सलग. बारा!"

"मोजता येतं मला. तोलून विकतो मी."

"गाव तुला कच्चा खाईल."

"खाऊ दे. काउंटरला पडदा आहे माझ्या." मग म्हणाला, "बडी, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. घरी जाऊन टीव्ही लावतो आणि पुठ्ठ्याच्या कुत्र्याचा हेवा करतो. हे काही बरं नाही. सासूबाईंच्या वेळी मी शर्ट बदलायला हवा होता. दोन मिनिटांचं काम होतं. फिरवा."

शनिवारी फिरवले. रविवारी टीव्हीवर पहिल्यांदा सरळ चित्र दिसलं: मार्लीन लेनीच्या कानात ओरडतेय, तिच्या फोटोतलं कोपर बरोबर त्याच्या खांद्याखाली आलंय, कुत्रा एकटा पडलाय. बदकं सहा धावांनी हरली. सोमवारी हरली. मंगळवारीही हरली. तरी आधीच्या पुण्याईवर बाद फेरीत पोचली, तिथे पहिल्याच फेरीत दोन सामन्यांत आटोपली आणि हंगाम संपला.

लेनीच्या पडद्यावर कोणीतरी जाड चिकटपट्टीने 'हात लावू नका' असं लिहिलेला कागद लावला. गिऱ्हाईकं मास्कच्या वरून बघायची. एक बाई दोन पौंड कीलबासा मागून म्हणाली, "तोलताना काही फिरवू नका म्हणजे झालं." लेनीने तोलला, बांधला, आणि आभार मानले. रेडिओवर तर तिसऱ्या दिवसापर्यंत दुसरा विषयच नव्हता. दंतवैद्याने लेनीकडून तिकिटं काढून घ्यावीत अशी सूचना केली. आजी आता दुसऱ्या कुशीवर झोपत होत्या आणि त्याबद्दल त्यांनी लेनीला जबाबदार धरलं. लेनीचा फोन आला नाही.

चौथ्या दिवशी चार नंबरच्या लायनीवर तो आवाज आला.

"बारा नंबर. आता जोडा."

बडीने सवयीने घसा साफ केला, पण तिने त्याला संधी दिली नाही.

"तीन दिवस ऐकतेय मी. सगळं गाव खुळं झालंय का? बाद फेरीचे दोन्ही सामने कुठे झाले?"

"परगावी," बडी म्हणाला.

"परगावी. त्यांच्या मैदानावर. तिथे आमचे कटआउट होते का?"

"नव्हते."

"मग? आम्ही इथे बसून तिथे हरवलं? एवढी ताकद असती तर मी मॅनेजरचं काय केलं असतं, विचार करा."

"पण मार्लीन, त्याआधीचे तीन? ते तर घरचे होते."

"ते का हरलो, ठाऊक नाही तुला? वीस वर्षं रेडिओवर काय शेंगा सोलतोस? पिचर लवकर काढला म्हणून हरलो. तिन्ही दिवस पाचव्या इनिंगला काढला. अकरा नंबर जुलैपासून कंठशोष करतोय, कोणी ऐकलं त्याचं?"

बडीने जाहिरात लावली.

ऑक्टोबरमध्ये आम्ही फुटबॉलवर आलो. एका दुपारी लेनीचा फोन आला. मार्लीनचा तो फोन त्याने रेडिओवर ऐकला होता का, हे मी विचारलं नाही.

"लेनी, आता फुटबॉल चालू आहे."

"माहितेय. बडी नको मला. एक विचारायचं होतं. ते कटआउट परत न्यायला बोलावलं होतं ना, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये? आज गेलो होतो. तिथला पोऱ्या म्हणतो, ड्वोर्स्की दोन्ही गेले. एक बाई काल घेऊन गेली."

"दोन्ही?"

"दोन्ही. माझा पण. मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, आजोबा, बाईंनी मागची सीट पाडून दोन्ही आडवे घातले, मीच हात लावला." पंखा घरघरत राहिला. "तुला काय वाटतं? ह्याचा अर्थ काय?"

"तिलाच विचार ना, लेनी. नंबर आहे तुझ्याकडे."

"मैदान बंद आहे," तो म्हणाला.

मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणाला केंद्रातून फोन केला नव्हता. आमच्याकडे लोक करतात. त्या दिवशी केला. मार्लीनने तिसऱ्या घंटेला उचलला.

"रेडिओवरून बोलतोय. कटआउटांबद्दल अकरा नंबर विचारत होता."

"काय विचारत होता?"

"दोन्ही का नेलेत म्हणून."

"एकाच खात्यावर आहेत. मी गेले तेव्हा त्याने दोन्ही काढून दिले. तिथे ठेवून येऊ होय, पावसात?"

"आता कुठे आहेत?"

"गॅरेजमध्ये. भिंतीला टेकून."

"डावीकडे कोण आहे?" मी विचारलं. खरं म्हणजे माझा काही संबंध नव्हता.



"तो डावीकडे. तिथेच बसतो तो," ती हळू म्हणाली. मग बस चालवणारीचा तो आवाज परत आला. "उगाच त्याला काहीबाही सांगू नका हं. फेकायलाच काढले होते मी. पण पुठ्ठा नाहीये तो. प्लॅस्टिक आहे. कचऱ्याची गाडी घेत नाही."

मी नंतर चौकशी केली. तिचं बरोबर होतं. पुनर्वापरासाठी प्लॅस्टिकवर जे आकडे छापतात, त्यांतलं ते पाच नंबरचं असतं. आमची नगरपालिका फक्त एक आणि दोन नंबरचं घेते.